‘शुद्ध’ दूध मिश्रण कसे? शुद्ध पदार्थ आणि मिश्रणे ओळखायला शिकणाऱ्यांसाठी

शुद्ध पदार्थ आणि मिश्रण हा भाग वर्गात शिकवायला घेतला, की एक प्रश्न दरवर्षी येतो. अकोला जिल्ह्यातल्या आमच्या गावात तो बहुधा असा विचारला जातो : “सर, आमच्या म्हशीचं दूध त एकदम शुद्ध हाये, पाण्याचा थेंब नाई टाकत आमची माय. मंग ते मिश्रण कसं?” प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळून पुढे गेलेल्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राचे पहिले दारच नीट उघडत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा लेख त्या प्रश्नापासून सुरू करतो.

अडचण ‘शुद्ध’ या शब्दात आहे. घरात आणि बाजारात शुद्ध म्हणजे भेसळ नसलेले, स्वच्छ, खाण्यापिण्यास योग्य. रसायनशास्त्रात शुद्ध म्हणजे एकाच प्रकारच्या द्रव्याचे बनलेले. हे दोन अर्थ एकमेकांच्या विरोधात नाहीत, पण ते एक नव्हेत. भेसळ नसलेल्या दुधातही पाणी, स्निग्ध पदार्थ, प्रथिने, दुग्धशर्करा आणि क्षार असतातच. ते गवळ्याने घातलेले नसून म्हशीच्याच शरीरात तयार झालेले असतात, एवढाच काय तो फरक. म्हणून दूध बाजाराच्या अर्थाने शुद्ध आणि रसायनशास्त्राच्या अर्थाने मिश्रण आहे. उलट मोरचूद (तांब्याचा निळा क्षार, कॉपर सल्फेट) जिभेवर ठेवणे धोक्याचे असले, तरी त्याचा चांगला निळा खडा रसायनशास्त्राच्या अर्थाने शुद्ध पदार्थ आहे.

सुरुवात करण्यापूर्वी जमवायच्या वस्तू

काचेच्या दोन-तीन स्वच्छ पट्ट्या किंवा स्टीलची सपाट झाकणे, एक चुंबक, टॉर्च, गाळणकागद किंवा घट्ट विणीचे पांढरे सुती कापड, काचेचे चार ग्लास, खडू, काळे स्केचपेन आणि एक वही एवढे पुरे. शक्य असल्यास शाळेच्या प्रयोगशाळेतील ११० अंश सेल्सिअसपर्यंतचा थर्मामीटर मागून घ्यावा. घरातला ताप मोजण्याचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालू नये, तो फुटतो. तपासण्यासाठी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, मीठ, साखर, गूळ, थोडे दूध आणि खताच्या पोत्यातले चार-चार दाणे घ्यावेत. ज्या भांड्यात खत किंवा मोरचूद हाताळाल, ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये आणि कोणतीही वस्तू चव घेऊन ओळखण्याचा प्रयत्न करू नये. ही सूचना वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पहिली पायरी : प्रश्न नीट विचारा

समोर कोणतीही वस्तू आली, की स्वतःला दोन प्रश्न विचारा. ही वस्तू एकाच प्रकारच्या द्रव्याची आहे का? आणि तिच्यातील घटकांचे प्रमाण ठरलेले आहे, की ते बदलू शकते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर ती वस्तू शुद्ध पदार्थ आहे आणि शुद्ध पदार्थ दोनच प्रकारचे असतात. ज्याचे रासायनिक रीतीने आणखी साध्या पदार्थांत विभाजन होत नाही ते मूलद्रव्य : लोखंड, तांबे, गंधक, ऑक्सिजन. दोन किंवा अधिक मूलद्रव्ये रासायनिक बंधाने ठरलेल्या प्रमाणात जोडली जाऊन जे तयार होते ते संयुग : पाणी, मीठ, साखर, युरिया. या दोहोंपैकी काहीही नसेल आणि दोन किंवा अधिक पदार्थ आपापले गुणधर्म राखून नुसते एकत्र नांदत असतील, तर ते मिश्रण होय.

दुसरा प्रश्न नवख्या विद्यार्थ्याला कमी महत्त्वाचा वाटतो, पण माझ्या मते सारी मेख तिथेच आहे. नऊ ग्रॅम शुद्ध पाण्यात एक ग्रॅम हायड्रोजन आणि आठ ग्रॅम ऑक्सिजन असतो. मग ते पाणी वैनगंगेतून मिळवलेले असो, पावसाचे असो वा प्रयोगशाळेत तयार केलेले असो. हे प्रमाण बदलता येत नाही. बदलले तर ते पाणी राहत नाही. लिंबाच्या सरबतात मात्र साखर एक चमचा घाला नाहीतर पाच चमचे, ते सरबतच राहते. संयुगातील प्रमाण निसर्गाने बांधून दिलेले असते, ही गोष्ट फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रूस्ट यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मोजमापांच्या आधारे ठामपणे मांडली आणि आज आपण तिला स्थिर प्रमाणाचा नियम म्हणतो.

या नियमाचे सर्वांत जवळचे उदाहरण खताच्या पोत्यावर छापलेले असते. युरियाच्या पोत्यावर नत्र (म्हणजे नायट्रोजन) ४६ टक्के असे लिहिलेले असते. हा आकडा कोणत्याही कंपनीने आपल्या मर्जीने ठरवलेला नाही. युरियाच्या रेणूचे वस्तुमान ६० मानले, तर त्यातील नायट्रोजनच्या दोन अणूंचे वस्तुमान २८ भरते. २८ ला ६० ने भागून शंभराने गुणले, की साडेशेहेचाळीसच्या किंचित वर उत्तर येते. ओलावा आणि इतर किरकोळ अंश वजा जाता पोत्यावर ४६ उरतो. म्हणून ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २०.७ किलो नत्र असते. युरिया ५५ टक्के नत्राचा करून दाखवा, असे कोणालाही सांगता येणार नाही. आता शेजारचे १०:२६:२६ चे पोते पाहा. तिथे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचे प्रमाण उत्पादकाने ठरवलेले आहे; त्याच दुकानात १२:३२:१६ सुद्धा मिळते. आकडे बदलता आले, कारण ते मिश्रण आहे. शेतकऱ्यांच्या मुलांना हा फरक सांगितला, की फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा तो जास्त लक्षात राहतो.

येथे एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. २०१५ पासून आपल्याकडचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचे आवरण देऊन विकला जातो, त्यामुळे पोत्यातला दाणा काटेकोर अर्थाने ‘युरिया आणि थोडेसे निंबोळी तेल’ असा आहे. युरिया हे संयुगच आहे. पोत्यातील माल मात्र जवळजवळ शुद्ध, पण पूर्ण शुद्ध नव्हे.

दुसरी पायरी : डोळ्यांनी पाहा, पण डोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवू नका

काही मिश्रणांत वेगवेगळे घटक सरळ दिसतात. खडे मिसळलेली तूरडाळ, मुरूम, सरकीसकटचा कापूस, गढूळ पाणी ही विषमांगी मिश्रणे होत. त्यांच्या एका भागातून चिमूट घेतली आणि दुसऱ्या भागातून घेतली, तर दोन्ही सारख्या निघतीलच असे नाही. मीठ विरघळलेल्या पाण्याचा मात्र वरचा थेंब आणि तळाचा थेंब सारखाच असतो. अशा मिश्रणाला समांगी मिश्रण किंवा द्रावण म्हणतात. त्यात जे विरघळते ते द्राव्य आणि ज्यात विरघळते ते द्रावक.

नवख्यांची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. ‘सगळीकडे सारखे दिसते, म्हणजे शुद्ध’ असा निष्कर्ष काढला जातो. मिठाचे पाणी आरपार दिसते, हवा तर दिसतही नाही आणि भंडाऱ्याच्या पितळी भांड्याचा रंग सर्व बाजूंनी एकसारखा पिवळा असतो. तरीही तिन्ही मिश्रणेच आहेत. पितळेत तांबे आणि जस्त असते व त्यांचे प्रमाण कारागिराला कमी-अधिक करता येते. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि एक टक्क्याच्या आत आर्गॉन असतो. पाण्याच्या वाफेचे प्रमाण तर मे महिन्याच्या कोरड्या दुपारी आणि जुलैच्या झडीत किती वेगळे असते, हे विदर्भातल्या माणसाच्या अंगालाच कळते.

दुधासारख्या मधल्या अवस्थेसाठी टॉर्च वापरा. अंधाऱ्या खोलीत एका ग्लासात मिठाचे स्वच्छ पाणी आणि दुसऱ्या ग्लासात दुधाचे चार-पाच थेंब घातलेले पाणी ठेवून दोहोंमधून बाजूने टॉर्चचा झोत सोडा. मिठाच्या पाण्यात प्रकाशाची वाट जवळपास दिसणार नाही. दुधाच्या पाण्यात ती स्पष्ट उजळलेली दिसेल, कारण स्निग्ध पदार्थांचे आणि प्रथिनांचे कण प्रकाश विखुरण्याइतके मोठे असतात, मात्र तळाशी बसण्याइतके जड नसतात. अशा मिश्रणाला कलिल म्हणतात आणि प्रकाशाच्या या विखुरण्याला टिंडाल परिणाम. पहाटे धुक्यात मोटारसायकलच्या दिव्याचा पट्टा दिसतो, तोही याच कारणाने.

तिसरी पायरी : थेंब सुकवा

ही चाचणी मला सर्वांत प्रिय आहे, कारण तिला खर्च नाही आणि ती आपल्या भागात फार बोलकी ठरते. काचेच्या पट्टीवर चार ठिकाणी खूण करा. पहिल्या खुणेवर डिस्टिल्ड वॉटरचे पाच थेंब, दुसऱ्यावर पावसाच्या पाण्याचे (पाऊस सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर उघड्यावर स्वच्छ भांड्यात धरलेले), तिसऱ्यावर आरओच्या कॅनमधले आणि चौथ्यावर विहिरीचे किंवा बोअरचे पाणी टाका. पट्टी धूळ न उडणाऱ्या जागी उन्हात ठेवा. एप्रिल-मे असेल तर तासाभरात सर्व काही आटते.

आता पट्टी काळ्या कागदावर धरून तिरक्या प्रकाशात पाहा. पहिल्या जागी काही उरलेले नसते. दुसरी जागाही बहुधा रिकामी दिसते. तिसरीवर पुसट कडे असते. चौथ्या जागी, विशेषतः पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तुम्ही राहत असाल तर, पांढरे जाडसर वर्तुळ दिसते. त्याची कड मधल्या भागापेक्षा ठळक असते आणि नखाने खरवडल्यास पांढरी भुकटी निघते. ज्या पाण्याला आपण इतकी वर्षे ‘पाणी’ म्हणत होतो, त्यात सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार होते, हे मुलांना या क्षणी पहिल्यांदा दिसते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या या पट्ट्यातील पाणी साबणाला फेस का येऊ देत नाही आणि डाळ लवकर का शिजू देत नाही, या घरोघरच्या तक्रारींचे मूळही त्या पांढऱ्या वर्तुळातच आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या पदार्थांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंत सूट दिलेली आहे.

मागे उरलेल्या भुकटीवर लिंबाच्या रसाचा थेंब टाकून पाहा. बारीक बुडबुडे आले तर त्यात कार्बोनेट आहे असे समजा. म्हणजे पाण्यातून निघालेली ही भुकटीसुद्धा शुद्ध पदार्थ नसून अनेक क्षारांचे मिश्रण आहे. याचेच मोठे रूप लोणारच्या सरोवरात पाहायला मिळते. उल्कापाताने बनलेल्या त्या विवरातील पाण्यात सोडियमचे क्लोराइड आणि कार्बोनेट असे क्षार असल्याने ते खारट तर आहेच, शिवाय तीव्र अल्कधर्मीही आहे.

या चाचणीची मर्यादाही लक्षात ठेवावी. काहीच उरले नाही म्हणून द्रव शुद्ध ठरत नाही. पाण्यात मिसळलेले स्पिरिट पाण्याबरोबरच उडून जाते आणि पट्टी कोरडी, स्वच्छ राहते. त्यासाठी पुढची पायरी आहे.

चौथी पायरी : तापमान काय सांगते ते ऐका

शुद्ध पदार्थ ठरलेल्या तापमानाला वितळतो आणि ठरलेल्या तापमानाला उकळतो. शिवाय वितळणे किंवा उकळणे पूर्ण होईपर्यंत थर्मामीटर त्याच जागी थांबून राहतो. डिस्टिल्ड वॉटर उकळायला ठेवा आणि दर मिनिटाला आकडा वहीत लिहा. समुद्रसपाटीला तो १०० अंशांवर थांबतो. नागपूरसारख्या सुमारे ३०० मीटर उंचीच्या ठिकाणी साधारण ९९ वर आणि चिखलदऱ्याला, जिथे उंची १,१०० मीटरच्या आसपास आहे, ९६ च्या जवळपास. हा फरक पाण्याच्या अशुद्धतेमुळे पडत नाही, हवेचा दाब कमी झाल्याने पडतो. म्हणून ‘१०० आला नाही, म्हणजे पाणी अशुद्ध’ असा निष्कर्ष काढू नका. आकडा थांबला की नाही, हे पाहा.

आता अर्धा लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवून तेच करा. उकळी तीन-चार अंश उशिरा येईल आणि मुख्य म्हणजे आकडा एका जागी थांबणार नाही. पाणी आटत जाईल तसा तो हळूहळू वर सरकत राहील, कारण उरलेले द्रावण क्षणाक्षणाला अधिक दाट होत असते. भांडे पूर्ण आटू देऊ नका, शेवटी मीठ तडतडून उडते. जत्रेतला कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो, ते याच गुणधर्माच्या दुसऱ्या टोकाचा उपयोग करून घेण्यासाठी : मीठ मिसळलेला बर्फ शून्याच्या बराच खाली जाऊनही वितळत राहतो आणि त्या थंडीने दूध गोठते.

घरचे साजूक तूप या दृष्टीने आवर्जून पाहावे. हिवाळ्यात बरणीत तूप रवाळ होते, म्हणजे काही भाग दाणेदार घट्ट आणि काही भाग पातळ. तूप हा एकच पदार्थ असता, तर तो एका ठरलेल्या तापमानाला सगळाच थिजला असता. त्यातल्या अनेक प्रकारच्या स्निग्ध घटकांपैकी जे लवकर गोठतात, त्यांचे दाणे आधी बनतात. ‘शुद्ध तूप’ हेही मिश्रणच आहे, याचा पुरावा अशा रीतीने बरणीतच असतो.

एक अपवाद सांगून पुढे जातो. ९५.६ टक्के इथेनॉल आणि ४.४ टक्के पाणी यांचे मिश्रण ७८.२ अंशांना एखाद्या शुद्ध पदार्थासारखेच स्थिर तापमानाला उकळते. त्यामुळे तापमानाचा थांबलेला आकडा हा भक्कम पुरावा असला, तरी एकट्या त्याच्यावर निकाल देऊ नये.

पाचवी पायरी : वेगळे करून पाहा

मिश्रणातील घटक आपापले गुणधर्म सोडत नाहीत, म्हणून त्या गुणधर्मांतल्या फरकाचा आधार घेऊन ते भौतिक रीतीने वेगळे करता येतात. ही विद्या आपल्या गावांना नवी नाही. वाऱ्यावर धान्य उफणताना वजनाचा फरक वापरला जातो आणि चाळणीत आकाराचा. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी होते. कापसाच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश रुई निघते आणि बाकी बहुतांश सरकी. रुई आधीही रुईच होती आणि सरकी आधीही सरकीच होती. यंत्राने नवीन काही घडवले नाही, फक्त सोडवले.

पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी घागरीत ठेवले, की वाळू लगेच तळाला बसते, पण काळ्या मातीचे अतिसूक्ष्म कण दोन दिवस झाले तरी खाली येत नाहीत, कापडातूनही आरपार जातात. त्या कणांवर सारखाच ऋण विद्युतप्रभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटत राहतात. तुरटी फिरवली, की तिच्यातील ॲल्युमिनियमचे धनप्रभारित आयन हा विरोध मोडतात, कण एकत्र येऊन गुठळ्या बनतात आणि खाली बसतात. यानंतर वरचे पाणी नितळ दिसते, पण त्यातले विरघळलेले क्षार जसेच्या तसे असतात आणि रोगजंतूही पूर्ण गेलेले नसतात, म्हणून ते उकळल्याशिवाय पिऊ नये. क्षार मागे ठेवून पाणी मिळवायचे तर ऊर्ध्वपातन करावे लागते : पाण्याची वाफ करायची आणि ती वाफ थंड करून दुसऱ्या भांड्यात धरायची.

रंगाच्या मिश्रणासाठी पांढरा खडू घ्या. खालच्या टोकापासून बोटभर वर काळ्या स्केचपेनने गोल रेघ ओढा आणि खडू बशीतल्या थोड्याशा पाण्यात असा उभा करा, की रेघ पाण्याच्या वर राहील. पाणी खडूत चढू लागते आणि रेघेपाशी पोचताच काळा रंग फुटतो. अनेक स्केचपेनांच्या बाबतीत निळा, जांभळा, पिवळसर असे पट्टे एकामागोमाग वर सरकलेले दिसतात. जो रंग पाण्यासोबत सहज जातो तो पुढे आणि जो खडूला धरून राहतो तो मागे. एकच रंग वाटणारी शाई दोन-तीन रंगद्रव्यांची होती, हे दहा मिनिटांत कळते.

सहावी पायरी : मिश्रण आणि संयुग यांतली सीमारेषा

येथपर्यंत बहुतेक जण सहज येतात. खरी कसोटी आता आहे : दोन पदार्थ एकत्र आले, तर ते मिसळले की जोडले गेले, हे कसे ओळखावे?

पुस्तकातला नेहमीचा प्रयोग लोखंडाचा कीस आणि गंधक यांचा आहे. दोन्ही नुसते कालवले तर चुंबकाने कीस बाहेर येतो. सात ग्रॅम कीस आणि चार ग्रॅम गंधक या प्रमाणात घेऊन शिक्षकांच्या देखरेखीखाली तापवले, तर काळे आयर्न सल्फाइड तयार होते, ज्याला चुंबकाने लोखंड आणि गंधक असे सोडवता येत नाही. चार ग्रॅम गंधकासाठी दहा ग्रॅम कीस घेतला, तर तीन ग्रॅम लोखंड उरते. पुन्हा तोच ठरलेल्या प्रमाणाचा नियम.

पण आपल्याकडच्या वाचकांना मी दुसरे उदाहरण देतो, कारण ते वरुड-मोर्शी-काटोलच्या संत्राबागांतून रोज पाहायला मिळते. डिंक्या रोगापासून झाडे वाचवण्यासाठी वापरतात ते बोर्डो मिश्रण. फ्रान्समधील बोर्दो परिसराच्या द्राक्षबागांत त्याचा उपयोग सुरू झाला आणि पियर मिलार्दे यांनी १८८५ मध्ये तो जगापुढे मांडला. एक टक्का तीव्रतेसाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि १०० लिटर पाणी घेतात. दोन्ही पदार्थ प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून, भिजवून मगच एकत्र करतात.

हातमोजे घालून याचाच छोटा नमुना ग्लासात करा. चिमूटभर मोरचूद अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवा. पाणी पारदर्शक निळे होते. त्यातले थोडे गाळणकागदातून गाळा. खाली उतरणारे पाणी तेवढेच निळे असते आणि कागदावर काहीच उरत नाही. हे द्रावण आहे. आता उरलेल्या निळ्या पाण्यात चुन्याची निवळी आणि थोडा पातळ कालवलेला चुना ओता. क्षणात आकाशी रंगाचा, दह्यासारखा गढूळ साका तयार होतो. हे गाळा. निळे सगळे कागदावर अडकते आणि खाली जवळजवळ रंगहीन पाणी पडते. मोरचूद तर कागदातून आरपार जात होते. मग आता का गेले नाही? कारण ते मोरचूद राहिलेलेच नाही. त्यातील तांब्याचे चुन्याशी रासायनिक नाते जुळून पाण्यात न विरघळणारी तांब्याची नवी संयुगे तयार झाली. तेव्हा बोर्डो ‘मिश्रण’ हे नाव अर्धेच खरे आहे : ते पाणी आणि त्यात तरंगणारे नवे कण यांचे मिश्रण आहे, मोरचूद आणि चुन्याचे नव्हे.

जाणते बागायतदार फवारणीपूर्वी त्यात घासलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर काही मोरचूद अजून मोकळे आहे, चुना कमी पडला, असे समजून आणखी चुन्याची निवळी घालतात; अन्यथा पाने करपतात. अभिक्रिया पूर्ण झाली की नाही, याची ही रसायनशास्त्रीय चाचणीच आहे आणि ती शेताच्या बांधावर होते, याचे मला फार अप्रूप वाटते.

सीमारेषा ओळखताना एकाच खुणेवर विसंबू नका. पूर्वी मी वर्गात ‘तापमान बदलले, म्हणजे रासायनिक बदल झाला’ असे सांगत असे. एकदा एका मुलीने युरिया पाण्यात टाकला, ग्लास बाहेरून गार लागला आणि तिने वहीत ‘नवा पदार्थ तयार झाला’ असे लिहिले. तिने माझेच वाक्य प्रामाणिकपणे वापरले होते आणि निष्कर्ष चुकला होता. युरिया विरघळताना उष्णता शोषतो, पण ते पाणी वाळवले की युरियाच परत मिळतो. याउलट कळीचा चुना पाण्यात टाकला, की तो फसफसून तापतो आणि वाळवल्यावर कळी परत मिळत नाही. विरलेला चुना हा वेगळाच पदार्थ असतो. तेव्हापासून मी मुलांना ‘मूळचे साध्या रीतीने परत मिळते का?’ हा प्रश्न आधी विचारायला सांगतो.

किती शुद्ध म्हणजे शुद्ध?

व्यवहारात शंभर टक्के शुद्ध असे काही हाती लागत नाही. प्रयोगशाळेतल्या बाटलीवर ९९.५ टक्के असे लिहिलेले असते आणि सोन्यावरच्या ९१६ या शिक्क्याचा अर्थ हजार भागांत ९१६ भाग सोने, म्हणजे २२ कॅरेट; बाकीचे तांबे-चांदीसारखे धातू. साखर जवळजवळ शुद्ध सुक्रोज आहे, गूळ मात्र सुक्रोज, इतर शर्करा, क्षार आणि ओलावा यांचे मिश्रण. आयोडीनयुक्त मिठात आयोडीनचे संयुग मुद्दाम मिसळलेले असते. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांच्यासोबत गळती कळावी म्हणून उग्र वासाचा पदार्थ घातलेला असतो, म्हणून तोही मिश्रणच. चंद्रपूर-वणीकडचा दगडी कोळसा म्हणजे कार्बनच, असे अनेक जण लिहितात. त्यात ओलावा, राख आणि गंधकाची संयुगेही असतात.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे या आणि घरी हे करून पाहा. निर्भेळ दूध तापवून थंड होऊ द्या, वर आलेली साय वेगळी काढा : हे स्निग्ध पदार्थ. खालच्या दुधात लिंबू पिळून ते गरम करा, फुटलेला चोथा कापडातून गाळून घ्या : ही मुख्यतः प्रथिने. उरलेले हिरवट-पिवळे पाणी मंद आचेवर आटवा. भांड्यात चिकट, किंचित गोडसर थर राहील, त्यात दुग्धशर्करा, क्षार आणि थोडीफार उरलेली प्रथिने आहेत. आणि आटवताना भांड्यावर धरलेल्या थंड झाकणाच्या आतल्या बाजूने जे थेंब ओघळतात, ते दुधातले पाणी. त्यातले पाच थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन तिसऱ्या पायरीप्रमाणे उन्हात सुकवा आणि शेजारी आपल्या विहिरीच्या पाण्याचे पाच थेंब ठेवा.